चाकं टेकताना

१४ सप्टेंबर २०२३. विशाखापट्टणमहून आलेलं छोटं लिअरजेट विमान मुसळधार पावसात मुंबईच्या धावपट्टीवर उतरताना बाजूला घसरलं, मोडलं. आतले आठही जण वाचले, नशीबच म्हणायचं!

लहान विमानाचा खरा कस लागतो तो उतरतानाच. वेग जास्त असला, की चाकं टेकूनही विमान चेंडूसारखं उसळतं. अशा वेळी घाबरून नाक खाली दाबलं, तर पुढचं नाजूक चाक आधी आपटतं आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी बसते. वेग फारच कमी पडला, तर विमान धपकन खाली येतं. यावर उपाय साधा आहे: इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, फेरी मारून नव्यानं उतरायचं. यात कमीपणा मुळीच नाही. 'जमेल' म्हणणारे वैमानिक मात्र नेमके इथेच फसतात.