भूक ओळखा, सावकाश जेवा
चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये सकाळी आर्य गौडा रोडवर निघालात, की फिल्टर कॉफीचा आणि मेदूवड्यांचा घमघमाट येतो. नाश्ता झालेला असला तरी पावलं थबकतात. ही भूक पोटाची की नुसत्या वासाची, हे ओळखायला शिकलं की वजन उतरवणं सोपं जातं.

जेवणाची वेळ झाली की घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि भूक लागते. काही खाल्लं नाही, तरी थोड्या वेळानं ते ओसरतं. म्हणून अवेळी भूक लागली तर पाणी प्या, 10-15 मिनिटं थांबा.

पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात. केळीच्या पानावर सांबारभात, रसमभात, ताकभात असं क्रमानं वाढलं जातं. प्रत्येक वाढपाआधी क्षणभर थांबा, पोटाचा अंदाज घ्या. पोरियल, म्हणजे कोरडी भाजी, जास्त घ्या आणि भात बेतानं. मोबाइल दूर ठेवा, घास नीट चावा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र भूक मारू नये. जेवणाच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.