नाव ओळखीचे, घर भलतेच
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



आजचा दिवस आनंदाचा. पण माझा विषय आपल्या पदराच्या गाठीचा आहे, म्हणून दोन शब्द बोलते.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. नाव बदलले, घरे तीच राहिली. भामट्याचे याच्या उलट असते. नाव ओळखीचे, घर मात्र भलतेच!

त्याच साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना निघाली आणि पात्र बहिणींच्या खात्यात महिना १५०० रुपये जमा होऊ लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली. बहिणींची धावपळ सुरू झाली आणि तेवढ्यात योजनेच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. भामटा अशा घाईवरच टपलेला असतो.

मलाही ई-मेलने एक पत्र आले. वर खात्याचे नाव, खाली धमकी: ‘आज रात्रीपर्यंत माहिती न भरल्यास हप्ता बंद.’ माझे बोट खालच्या लिंकवर गेलेच होते. मुलगी म्हणाली, “आई, नाव नको, पत्ता वाच. तोही शेवटाकडून.”

योजनेच्या खऱ्या संकेतस्थळाचे नाव ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट आयएन’ असे संपते. त्यापुढे काही आले, तर आधी तिरपी रेघ येते. मध्येच ‘जीओव्ही’ घालून शेवट दुसराच केला असेल, तर ते घर सरकारचे नव्हे. माझ्या पत्रातला शेवट असाच निघाला.

पत्र पाठविणाऱ्याचे नाव आणि पत्ताही खोटा दाखविता येतो. म्हणून आलेली लिंक दाबूच नये. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उघडावे, नाहीतर अंगणवाडीच्या बाईंना विचारावे. खऱ्या ई-केवायसीतही ओटीपी लागतो, म्हणून तर फसगत होते. ओटीपी ही तिजोरीची किल्ली आहे. ती कोणत्या कुलपाला लावतो हे आधी पाहावे, आणि फोनवर मागणाऱ्याला तर कधीच देऊ नये.

इतके करूनही चूक झाली, तर घरात बोलणी बसतील म्हणून गप्प राहू नका. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने पळविले जातात. तक्रार लवकर झाली तरच ते वाटेत अडविण्याची आशा असते. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा.

आणि भगिनींनो, फसलेल्या बाईला हसू नका. आपल्या हसण्याच्या भीतीने ती दोन दिवस गप्प बसते, आणि ते दोन दिवस भामट्याला मिळतात. तिच्याजवळ बसून तो फोन लावून द्या. मंडळाचे काम यापरते दुसरे कोणते?