अंड्यांसाठी कुक्कुटपालन : लहान शेतकऱ्याचा जोडधंदा



बेळगावला लागून असलेले शहापूर हातमागासाठी ख्यातनाम आहे. सभोवतालच्या खेड्यांत भातशेती चालते. अल्प जमीन असलेल्या कुटुंबास एका पिकावर वर्ष निभावणे कठीण जाते. अशा कुटुंबास अंड्यांसाठी कुक्कुटपालन हा उपयुक्त जोडधंदा ठरू शकतो. शहराची बाजारपेठ जवळ आहे आणि खुराड्यात अंथरण्यास भाताचे तूस घरचेच मिळते.

तथापि, या धंद्यात उतरण्यापूर्वी हिशेब मांडणे अगत्याचे आहे. एक दिवसाचे पिल्लू वाढून अंडी देऊ लागेपर्यंत सुमारे २० आठवडे जातात. तोवर प्रत्येक तलंग साधारणतः ७ ते ८ किलो खाद्य खाते. म्हणजे १०० तलंगांना ७ ते ८ क्विंटल खाद्य पुरवावे लागते, आणि हाती एक अंडेही आलेले नसते. कर्ज घेताना शेडच्या खर्चाबरोबर या पाच महिन्यांच्या खाद्याची तरतूद झालीच पाहिजे. अन्यथा उत्पन्न सुरू होण्याआधीच भांडवल संपते.

अंड्यावरील संकरित कोंबडी दिवसास सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. १०० कोंबड्यांपासून रोज ८५ अंडी मिळाली, तर एका अंड्यामागे सुमारे १३० ग्रॅम खाद्य खर्ची पडते. त्याची किंमत अंड्याच्या भावाशी नित्य ताडून पाहावी. काटकसर म्हणून शिंपल्यांचा चुरा कमी केल्यास कवच पातळ होऊन अंडी फुटतात. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस वेळेवर दिली नाही, तर खुराडे थोड्याच दिवसांत ओस पडू शकते.

भावाचा प्रश्न मात्र एकट्याने सुटत नाही. पूर्वी अंड्यांचे भाव व्यापारी ठरवीत आणि उत्पादकास कित्येकदा खर्चाहून कमी दराने माल द्यावा लागे. पुण्याचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने देशभरचे उत्पादक एकत्र आले आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. समितीने जाहीर केलेले दर आजही शेतकऱ्यास मार्गदर्शक ठरतात. हेच तत्त्व गावातही लागू पडते. पाच-दहा कुटुंबांनी खाद्य एकत्र खरेदी करावे, अंडी एकत्र विकावीत.

ज्यांच्याजवळ भांडवल नाही, त्यांनी बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या गिरिराज जातीच्या दहा-वीस कोंबड्या परसात पाळाव्यात. घरातील मुलांना अंडी मिळतील, उरलेली विकता येतील आणि अनुभव गाठीस येईल. त्या अनुभवाच्या बळावरच पुढे धंदा वाढवावा, हे श्रेयस्कर.