दंतवैद्याच्या संकेतस्थळाचे नाव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलेमुली दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. दवाखाना थाटण्याच्या गडबडीत ती एक प्रश्न घेऊन वडीलधाऱ्यांकडे येतात : संकेतस्थळाला नाव कोणते द्यावे? जागेचे भाडे, रुग्णाची खुर्ची, क्ष-किरण यंत्र यांच्या खर्चापुढे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि घाईने उरकला जातो. परंतु खुर्ची केव्हाही बदलता येते. रुग्णांच्या तोंडी बसलेले नाव बदलणे फार जड जाते. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक; तथापि सारी नोकरी हजेरीपटावर नावे लिहिण्यात गेल्यामुळे नावांचे घोटाळे मला चांगले परिचयाचे आहेत.

प्रथम हे नाव म्हणजे काय ते पाहू. संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात, पण माणसाच्या ध्यानात अंक राहत नाहीत. म्हणून १९८३ साली अमेरिकेत पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था मांडली. १५ मार्च १९८५ रोजी ‘डॉट कॉम’ हे शेपूट असलेले पहिले नाव नोंदले गेले. एक नाव एकालाच मिळते आणि जो आधी मागेल त्याला मिळते. ते कायमचे विकतही मिळत नाही. सातबाऱ्यावरील जमिनीपेक्षा भाडेपट्ट्याच्या जागेशी त्याचे साम्य अधिक आहे. मुदत भरली की पट्टा नवा करावा लागतो.

आता निवडीकडे वळू. आपल्या शब्दांना रोमन लिपीत एकच एक रूप नसते. ‘दात’ लिहिताना कोणी ‘ए’ एकदा लिहितो, कोणी दोनदा. ‘चौधरी’ कोणी ‘ए-यू’ने लिहितो, कोणी ‘ओ-यू’ने. रुग्ण मात्र नाव कानाने ऐकतो आणि बोटाने टंकतो. यास्तव माझी कसोटी साधी आहे. ठरविलेले नाव दूरध्वनीवरून पाच जणांना एकदाच सांगावे, त्यांत एक आजीबाई आणि एक शाळकरी मुलगा असावा, आणि प्रत्येकास ते लिहावयास लावावे. पाचही कागद सारखे निघाले तर नाव उत्तम. दोन वेगळे निघाले तर दुसरे नाव शोधावे. शब्दांमध्ये आडवी रेघ किंवा आकडे घालू नयेत. ‘पाच’ हा शब्द लिहावयाचा की आकडा, हे ऐकणाऱ्यास कसे कळावे?

आडनाव घालावे काय? आपल्यात एकेक आडनाव शेकडो घरांत आहे. दोन दवाखान्यांचा घोटाळा होणे अगदी संभवनीय आहे. मुलींच्या बाबतीत तर अधिकच विचार हवा. माहेरच्या आडनावाने तिने पाच वर्षे रुग्ण जोडले आणि विवाहानंतर पाटी बदलण्याचा आग्रह झाला, तर तिचे श्रम कोणाच्या खाती जमा करावयाचे? दवाखान्याला आडनावावाचून स्वतंत्र नाव दिले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. गावाचे वा पेठेचे नाव सोयीचे असते, पण जागा बदलण्याचा संभव असल्यास ते टाळावे. ‘सर्वोत्तम’, ‘अव्वल’ असली विशेषणे तर मुळीच नकोत; दंतवैद्यांसाठी २०१४ साली सुधारलेली आचारसंहिता आत्मप्रशंसेस आळा घालते, आणि सुसंस्कृत माणसास ती शोभतही नाही.

शेपटाविषयी थोडक्यात सांगतो. ‘डॉट इन’ हे भारताचे आणि ‘डॉट कॉम’ सर्वपरिचित. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्यावी, म्हणजे चुकलेला रुग्णही आपल्याच दारी येतो. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी शेपूटही आले आहे. मराठी माणसाने ते अवश्य घ्यावे, पण रोमन नावाच्या जोडीला. कारण सर्वांनाच देवनागरी टंकता येते असे नाही. नाव घेण्यापूर्वी त्याच नावाचा दुसरा दवाखाना नाही ना, हेही पाहावे. असल्या नावांनाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात दिला आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माझ्या पुतणीने संकेतस्थळाचे काम एका गृहस्थाकडे सोपविले. नावाची नोंद त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर केली. पुढे पैशांवरून वाद झाला, तेव्हा नाव सोडावयास तो तयार होईना. पाटीवर, औषधचिठ्ठ्यांवर, रुग्णांच्या कार्डांवर छापलेले नाव तिचे. कागदोपत्री मालक मात्र तो! अखेरीस तिला नवे नाव घ्यावे लागले, आणि कित्येक जुने रुग्ण ‘डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला’ असे समजून दुसरीकडे गेले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. बांधणारा कोणीही असो, नोंद दंतवैद्याच्याच नावावर, त्याच्याच ई-मेलवर आणि त्याच्याच पासवर्डाने व्हावी. हा ई-मेल त्याच संकेतस्थळाच्या नावाचा नसावा. नाव गेले की तो पत्ताही जातो आणि सूचना पोहोचत नाहीत. नोंद शक्य तितक्या अधिक वर्षांची करावी. डॉट कॉमची एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते. मुदत टळून नाव रद्द झाले तर तीस दिवस ते जादा शुल्क भरून सोडविता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही मोकळे होते. तेव्हा ही तारीख विम्याच्या हप्त्याप्रमाणे घरच्या वहीत लिहून ठेवावी.

आपल्या वडिलांनी दुकानाची पाटी रंगविताना रंगारी निवडला, पण पाटी त्याच्या मालकीची होऊ दिली नाही. तोच व्यवहार येथे पाळावा. मुलामुलींच्या शिक्षणासाठी आपण दागिने मोडले आहेत. त्या शिक्षणाने मिळविलेले नाव परक्याच्या हाती राहू नये, एवढेच माझे सांगणे आहे.