पुढ्यात बसलेलं मूल



दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांच्या दुकानांसमोर गाड्या लागलेल्या, रस्त्यात माणसंच माणसं, आणि त्यातून वाट काढत एक स्कूटर येते. वडील चालवताहेत, मागे आई, आईच्या मांडीवर पिशव्या, आणि पुढे उभं असलेलं चार-पाच वर्षांचं मूल. त्याचे दोन्ही हात आरशांच्या दांड्यांवर. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, माझा दवाखाना याच भागात आहे, त्यामुळे हे दृश्य माझ्या रोजच्या बघण्यातलं. त्या गर्दीत गाडी माणसाच्या चालीनं सरकते, म्हणून निभावतं. पण निभावलं की माणसाला वाटतं, हे बरोबरच आहे.

मग सुट्टी लागते. सोलापूरकर कोकणात जातात, अलिबागला जातात, लोणावळ्याला जातात. अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर जाड रबरी चाकांच्या चार चाकी बाईक उभ्या असतात. कुणी तिला एटीव्ही म्हणतं, कुणी क्वाड. मूल हट्ट धरतं, वडील बसतात आणि सवयीनं त्याला पुढ्यात घेतात. नवी पेठेतली सवय अशी समुद्रापर्यंत जाते. आज मला या पुढ्यात बसलेल्या मुलाविषयी बोलायचं आहे.

पहिला समज असा की चार चाकं आहेत, म्हणजे ही गाडी पडणार नाही. हा समज फार जुना आहे. १९७० साली होंडा कंपनीनं अमेरिकेत जाड टायरांची तीन चाकी गाडी आणली. ती वळणावर उलटायची, मुलं जखमी व्हायची, दगावायची. अखेर १९८८ साली तिथं नव्या तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली. त्यांची जागा चार चाकींनी घेतली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि उलटणं काही थांबलं नाही.

का थांबलं नाही, ते आपल्या बैलगाडीवरून समजून घेऊ. बैलगाडीची दोन चाकं कण्यावर सुटी फिरतात. वळताना आतलं चाक थोडं फिरतं, बाहेरचं जास्त फिरतं, आणि गाडी सहज वळते. बऱ्याच क्वाडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की जोडलेली असतात, ती सारखीच फिरतात. म्हणून वळताना आतल्या चाकाला थोडं घसरावं लागतं, नाहीतर गाडी सरळच रेटत राहते. ते घसरावं यासाठी चालकानं आपलं अंग हलवून वजन इकडचं तिकडे करायचं असतं. क्वाडची गादी लांबलचक असते ती यासाठी. चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला झुकायचं. ती लांब गादी बघून आपण म्हणतो, वा, दोघं-तिघं बसतील! आणि पुढ्यात मूल आलं की चालकाला सरकायला जागाच उरत नाही. त्याचे हात मुलाच्या दोन्ही बाजूंनी ताणलेले, हॅंडल नीट वळत नाही, ब्रेकपर्यंत बोटं उशिरा पोहोचतात.

त्यात या गाडीची उंची जास्त, रुंदी कमी, आणि टायरमध्ये हवा अगदी थोडी. मऊ वाळूत रुतू नये म्हणून ती कमी ठेवलेली असते. पण एखाद्या खड्ड्यावरून किंवा दगडावरून गेलं की तो टायर चेंडूसारखा उसळतो. मोठ्या माणसांच्या क्वाडचं वजन दोनशे ते तीनशे किलो असतं. स्कूटर आडवी झाली तर मूल बहुतेक वेळा बाजूला फेकलं जातं. क्वाड उलटते ती अंगावर येते.

दुसरा समज मला जास्त घातक वाटतो. "मी धरलंय ना त्याला!" बापाच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण इथं गणित आपल्या बाजूचं नाही. पंधरा किलोचं मूल आहे, गाडीचा वेग ताशी तीस किलोमीटर आहे, आणि गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी मुलाला जागेवर धरून ठेवायला लागणारा जोर सव्वाशे किलो वजन उचलण्याइतका असतो. आपल्या बाजार समितीत कांद्याची पन्नास किलोची गोणी असते. तशा अडीच गोण्या, त्याही एका हातानं, कारण दुसरा हात हॅंडलवर आहे. हे कुणालाच जमत नाही. उलट मागून येणारं बापाचं सत्तर-ऐंशी किलोचं अंग त्या मुलाला हॅंडलवर दाबतं. मुलाला आपण कुशीत घेतलेलं असतं, आणि धडकेच्या वेळी तेच आपल्या पुढची उशी होतं.

तीसचा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्या वेगानं आदळणं म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्यासारखं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सहा वर्षांची मुलगी आली होती. सहलीत क्वाडवर वडिलांच्या पुढे बसली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, ते जुळलं, आज ती धावते. पण पहिल्या रात्री आमची झोप उडाली होती ती तिच्या पोटासाठी. हॅंडलचं टोक पोटात रुतलं होतं, वरून फक्त नाण्याएवढा लाल वळ दिसत होता. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात आणि पोटाचे स्नायू पातळ, त्यामुळे यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांना मार बसतो आणि बाहेर फारसं काही दिसत नाही. म्हणून सांगते, हॅंडल पोटात लागलं असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोट दुखणं वाढलं, उलट्या झाल्या, मूल पांढरं पडलं किंवा झोपाळू झालं, तर रात्र काढू नका.

आता तुम्ही विचाराल, मग किती वर्षांच्या मुलाला बसवायचं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं अनेक वर्षं एकच आहे: सोळा वर्षांखालच्या मुलांनी क्वाड चालवूही नये आणि तिच्यावर बसूही नये. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१० साली कायदा करून चौदा वर्षांखालच्या मुलांना ती चालवायला बंदी केली. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या थोड्या सैल आहेत. त्यांच्या गाड्यांवर वयाची पट्टी चिकटवलेली असते. सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी छोट्या, वेगाला लगाम घातलेल्या क्वाड मिळतात. मोठ्यांच्या क्वाडवर चालकाचं वय सोळाच्या वर लिहिलेलं असतं. ज्या गाड्या मुद्दाम दोघांसाठी बनवलेल्या असतात, त्यांच्यावरही मागे बसणारा बारा वर्षांखालचा नसावा, असं लिहिलेलं असतं. आणि पुढ्यात मूल बसवा, असं कोणतीही कंपनी लिहीत नाही.

माझं मत डॉक्टरांच्या बाजूचं आहे. ते पाळता येत नसेल, तर निदान बारा वर्षांखालचं मूल मोठ्यांच्या क्वाडवर पुढेही नको आणि मागेही नको. मोठ्या मुलाला मागे बसवायचंच असेल, तर गाडी दोघांची आहे ना, त्याचे पाय पायठेवणीवर पूर्ण टेकतात ना, आणि दोन्ही हातांना धरायला मूठ आहे ना, हे आधी बघा. मागच्या सामानाच्या जाळीवर कुणालाही बसवू नका.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती ऐकून गोंधळ होतो. दुचाकीसाठी केंद्र सरकारचा नियम आहे, फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला पट्ट्यांनी चालकाशी बांधायचं, नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला हेल्मेट घालायचं आणि वेग ताशी चाळीसच्या वर न्यायचा नाही. म्हणजे कायदासुद्धा मूल चालकाच्या मागे आहे, असंच धरून चालतो. पण तोच पट्टा क्वाडवर वापरू नका. ओढणीनं मुलाला कमरेला बांधून निघालेल्या आया मी पाहिल्या आहेत. क्वाड उलटताना सुटून बाजूला पडण्याची जी थोडीफार संधी असते, तीही त्या गाठीनं जाते. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस या गाडीजवळ नकोतच. फिरत्या आसात कापड गुंडाळलं गेलं तर गळ्याला फास बसतो.

छोट्या क्वाडवर मुलाला बसवायचं ठरवलंत, तर आधी त्या वाटेवरून स्वतः पायी चालून या. उतार, ओढा, मोठे दगड, पलीकडून येणाऱ्या दुसऱ्या गाड्या, किनारा असेल तर घोडे आणि खेळणारी माणसं, हे सगळं डोळ्यांनी बघा. सपाट, बंदिस्त जागा असेल तरच हो म्हणा. मग गाडी भाड्यानं देणाऱ्याकडे किल स्विचची दोरी मागा. ती मुलाच्या मनगटाला अडकवायची असते आणि मूल गाडीवरून दूर झालं की इंजिन बंद होतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण क्वाडचा ॲक्सिलरेटर अंगठ्यानं दाबायचा असतो, आणि घाबरलेलं मूल मूठ आवळतं तेव्हा अंगठाही दाबला जातो. दोरी नसेल, ब्रेक उभ्या गाडीवर तपासू देत नसतील, तर पैसे खिशात ठेवा आणि मुलाला शहाळं पाजा. हट्ट दहा मिनिटं टिकतो. महाराष्ट्र शासनानं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. गाडी कलली की मूल आपसूक पाय खाली टेकवतं आणि मागचं चाक त्या पायावरून जातं. मोडलेल्या घोट्यांची ही नेहमीची गोष्ट आहे.

मोहोळ, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडचे श्रोते म्हणत असतील, आमच्याकडे कुठली आली क्वाड! पण तुमच्या शिवारात ट्रॅक्टर आहे. उसाच्या हंगामात त्याच्या मडगार्डवर बसवलेलं पोर मी दरवर्षी बघते. ऑस्ट्रेलियात शेतकरी क्वाड वापरतात, आपण ट्रॅक्टर वापरतो तशी. उलटून इतके शेतकरी गेले, की ऑक्टोबर २०२१ पासून तिथं शेतीकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला उलटल्यावर चालकाला जागा राहावी म्हणून संरक्षण देणं सक्तीचं झालं. मडगार्डवरच्या पोराला तसलं कुठलंच संरक्षण नसतं. बांधावरून चाक घसरलं की ते थेट मागच्या चाकाखाली जातं. शेतावर न्यायचं असेल तर चालत न्या.

अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करा. मुलाला हातानं ओढून काढू नका, चार-पाच जणांनी मिळून गाडी उचला. मान हलू देऊ नका, हेल्मेट झटका देऊन काढू नका. १०८ ला फोन लावा.

हेल्मेटचं शेवटी सांगते. चार वर्षांवरच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट कायद्यानंच लागतं, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, त्यामुळे पडताना तेच आधी आपटतं. मोठ्याचं हेल्मेट त्याला ढिलं होतं आणि आदळताना निघून जातं. किनाऱ्यावर भाड्यानं मिळणारी हेल्मेटं जवळजवळ सगळी मोठ्यांच्याच मापाची असतात.

नवी पेठेत आपण मुलाला कपडे घ्यायला बरोबर नेतो, दोन-चार सदरे घालून बघतो, बाही मापून बघतो. या दिवाळीत त्याच फेरीत त्याला हेल्मेटच्या दुकानातही न्या. डोक्यात घालून पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. मागून वर ढकलून बघा, निघता कामा नये. आणि घरी येताना त्याला स्कूटरवर मागे बसवा.