पॅड बदलण्याआधी

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचं तोरण बांधतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. माझी विनंती अशी, की त्याआधी भंडाऱ्याहून लाखनीपर्यंत एक फेरी मारून या. परतताना सपाट रस्त्यावर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या, उतरा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका. एकच चाक धगधगत असेल, जळका वास येत असेल, तर पाय काढल्यावरही तिथला ब्रेक लागून राहतो आहे. गॅरेजच्या भाषेत, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जाम. गाडी एका बाजूला ओढते, पेट्रोल जास्त लागतं आणि लोक अलाइनमेंट करून घेतात!

आपल्याकडे हे व्हावं यात नवल नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीपर्यंत नेलेली गाडी चिखल घेऊन घरी येते आणि मग आठवडा-आठवडा उभी राहते. 2020च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन सगळे बघतात, सीटा वाळवतात. ब्रेक उघडून बघायचं मात्र राहून जातं.

कॅलिपरमधला पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. ते काम पिस्टनभोवतीचं रबरी सील करतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो, सील त्याच्यासोबत ताणलं जातं. पाय काढला की ते पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढीच काय ती मोकळीक. वरचा रबरी बूट फाटला, चिखलपाणी आत गेलं, पिस्टन गंजला, की ही ओढ पुरत नाही. शिवाय आपल्या बहुतेक गाड्यांचं कॅलिपर दोन पिनांवर सरकतं. त्या सुकल्या की तेही अडकतं आणि दोन पॅडांपैकी एकच भराभर झिजतो.

आता मुद्द्याचं. गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम स्टँड लावा, ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. जड लागलं तर कॅलिपरवरचं एअर काढायचं निप्पल किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर आत दाब अडकला होता. कॅलिपर बिचारं निर्दोष. मग निप्पल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा, सोडा आणि रबरी होज पाईपच्या पेडलकडच्या टोकाचा लोखंडी नळीचा जोड सैल करा. इथे चाक सुटलं तर संशय पेडलमागच्या मास्टर सिलिंडरवर. नाही सुटलं तर होज आतून फुगून बंद झाला आहे, बाहेरून कितीही धडधाकट दिसो. निप्पल उघडूनही चाक जडच राहिलं, तरच पिस्टन किंवा पिना. ही तपासणी न करता कॅलिपर विकत घेणं म्हणजे पैसे उधळणं. तपासल्यावर एअर काढायला मात्र विसरू नका.

पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावावं. रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस यांनी ब्रेकमधलं रबर फुगतं आणि चाक पुन्हा जाम. पिस्टनला खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नये. पिस्टन आणि सीलचं किट नवं घालावं. ब्रेक ऑइलही जुनं ठेवू नये, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो 155पर्यंत उतरू शकतो. जाम चाकाच्या धगीत त्याची वाफ झाली की पेडल तळाला जातं. म्हणजे सुटत नसलेला ब्रेक ऐन उतारावर लागतच नाही.

मागे ड्रम असलेल्या गाडीचं दुखणं निराळं. पावसात हॅन्डब्रेक ओढून बरेच दिवस ठेवली तर शू ड्रमला चिकटतात. घरी सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा.

शेवटी, पॅड बदलून गाडी लगेच हातात दिली तर तशी घेऊ नका. काढलेले दोन्ही पॅड शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. एक जाड, एक पातळ निघाला, तर पिना बाहेर काढून पाहिल्या का, एवढं विचारा.