सरळ रांग की दुहेरी रांग?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



मोटारीचा विषय शाळामास्तराच्या मुखी कसा, असे कोणी म्हणेल. परंतु या देशातील मोटार-कारखानदारीचे एक आद्य प्रवर्तक वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली.

इंजिनात सिलिंडर मांडण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत ते वर्गातील मुलांप्रमाणे एका ओळीत उभे असतात. दुसरीत दोन ओळी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या तिरप्या ठेवून खाली एकाच क्रँकशाफ्टला जोडतात. त्यामुळे सहा-आठ सिलिंडर थोड्या लांबीत मावतात व आखूड क्रँकशाफ्ट अधिक ताठ राहतो. मात्र इंजिन रुंद होते, वरची हेडे दोन लागतात, आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. सरळ रांगेस हेड एकच. कारागिराचा हातही सहज पोचतो.

प्रीमियरच्या पद्मिनीचे पेट्रोल इंजिन असेच चार सिलिंडरांचे, सरळ रांगेचे, १०८९ घनसेंटिमीटरचे होते. या गाडीवर मुंबईतील कित्येक टॅक्सीवाल्यांनी संसार चालविले. तेथील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. आजच्या बहुतेक लहान गाड्यांतही सरळ रांगच आढळते.

आपले तरुण कर्ज काढून गाडी घेतात, म्हणून आम्ही हे बोललो. अवजड ओझ्यास वा मोठ्या वेगास 'व्ही' रचना योग्यच. परंतु केवळ डौलासाठी घेतलेले मोठे इंजिन ऐपतीबाहेरच्या लग्नासारखे घरास जड जाते. गाडी घेण्यापूर्वी बॉनेट उघडून आत पाहावे, आणि आपले काम काय ते आधी ठरवावे, एवढीच विनंती.